ती उसवत बसते

आमच्या कारखान्यात बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही, माहेरच्या गावाने मारतात. मी पिंपळनेरवाली. केस पांढरे झाल्यावर नुसती आक्का झाले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया होतात, त्यातल्याच एका कारखान्यात माझं आयुष्य गेलं. रंगीत बारीक नळ्या लूमवर विणून चटई होते आणि तिच्या कडेला कापडाचा गोट शिवतात. मी गोट शिवायच्या खात्यात होते. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून शिवत नाही. घड्या तपासते, पाणी भरून ठेवते आणि बायकांची भांडणं सोडवते. शेवटच्या कामाचा पगार वेगळा मिळत नाही.

शेठची मुलगी पुण्याला शिकून आली आणि कारखान्यात बसू लागली. तिला आम्ही ताई म्हणतो. त्याच सुमारास दोन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे गोट आपोआप शिवणारी नवी मशीनं येणार, म्हणजे आमच्या खात्यातल्या बऱ्याच बायकांना काम राहणार नाही. दुसरी, शेठ धुळ्याला नवा कारखाना काढणार, तिथे लूम चालवायला माणसं लागणार. लूमवर आजवर बाहेरच्या राज्यातून आलेले पुरुषच. दलाल आणतो, शेठ ठेवतात. ताई म्हणाल्या, "दलालाला सांगण्याआधी आपल्याच माणसांत बघू ना. कुणाच्या अंगात काय आहे ते कुठे माहीत आहे आपल्याला?" शेठ म्हणाले, "बघ. दिवाळीपर्यंत बघ."

ताईंनी एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?" बायका चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "काही नाही येत, ताई." एकीने तर "माले काहीज येत नही" असं म्हणून हातच जोडले. जणू चोरीचा आळ आला होता.

संध्याकाळी ताई माझ्याजवळ येऊन चटयांच्या गठ्ठ्यावर बसल्या. "आक्का, एवढ्या बायका, आणि कुणालाच काही येत नाही?"

मी म्हटलं, "येतं हो. सांगणार नाहीत."

"का?"

"तुम्हाला मांडे माहीत आहेत का?"

माहीत होते, पण खाण्यापुरते. मी सांगितलं. खान्देशात लग्नकार्य असो की आखाजीचा सण, पुरणाचे मांडे लागतात. पोळी लाटायची नाही, हातांवर झुलवत पातळ करायची आणि पालथ्या तापलेल्या खापरावर टाकायची. सगळ्यांना जमत नाही. जिला जमतं तिचं गावभर नाव होतं. नाव झालं की संपलं. भावकीतल्या प्रत्येक लग्नाला तिला बोलावणं येतं, आणि ती एकाही लग्नात अक्षता टाकत नाही. मांडवामागे चुलीपुढे धुरात बसते. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. मांडे मलाही येतात. सासरी मी ते कधी कळू दिलं नाही. सगळ्या लग्नांत पुढे बसून जेवले.

ताई खूप हसल्या. हसू आवरून म्हणाल्या, "मग शोधायचं कसं?"

"तिचं तिला विचारू नका. दुसरीला विचारा. आणि चांगलं काय ते विचारू नका, कुणाच्या तोंडून चांगलं निघायचं नाही. कागाळी विचारा. कागाळी सांगताना बाई हात आखडता घेत नाही."

हे मी काही फार विचार करून बोलले नव्हते. पण ताईंनी ते धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला. "तुमच्या शेजारणीचा तुम्हाला काय त्रास होतो?" आता चहा गार व्हायला लागला. बायका केबिनमधून बाहेरच येईनात.

मेहरूणवालीबद्दल चौघींनी तेच सांगितलं. मशीन बंद पडलं की मिस्त्री येण्याआधी हिचा हात आत. मग त्याच काळ्या हातांनी चटयांवर डाग. ताईंनी तिला मिस्त्रीच्या हाताखाली दिलं. ती फणफणत माझ्याकडे आली.

"आक्का, सच बोलो, मेरा नाम किसने लिया?"

"सगळ्यांनी."

"अल्ला! मैंने किसका क्या बिगाड़ा?"

"बिगाड़ा नाही म्हणून तर पाना हातात दिला ना तुझ्या. जा."

बोदवडवालीबद्दल कागाळी अशी, की कोण उशिरा आलं, कुणी कुणाचं लोणचं खाल्लं, सगळं हिच्या डोक्यात असतं आणि वर्षाने काढून दाखवते. तिला गोदामात बसवलं. तिथे ती शोभून दिसते, आता माणसांऐवजी मालाच्या मागे लागते. सगळंच असं सरळ झालं नाही. धरणगाववालीबद्दल सगळ्या म्हणाल्या, हिच्या डब्याच्या वासाने आमच्या डब्यावरचं मन उडतं. ताईंनी तिला कँटीनची मुख्य केलं. आठवडाभरात ती झारा घेऊनच केबिनमध्ये गेली. "घरी चूल, इथंबी चूल? मले माझं मशीन द्या." मी तेव्हा ताईंकडे पाहिलं. मांडे आठवले असतील त्यांना. अंगात गुण आहे म्हणून तो कामाला जुंपलाच पाहिजे असं नाही, हे मी त्यांना सांगायची गरज पडली नाही.

एकदा मी विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगितलं?"

"म्हातारी नको तिथे नाक खुपसते."

"आणि तुम्ही काय केलं?"

"म्हणून तर रोज तुमच्याकडे येते," ताई म्हणाल्या.

राहिली दीपनगरवाली. तिचं माहेर भुसावळजवळचं, वीज केंद्राच्या वसाहतीला लागून असलेल्या वस्तीतलं. बाप तिथे ठेकेदाराकडे राख उपसायला होता. नवरा ट्रकवर गेला तो तिकडेच राहिला. ही दोन मुलींना घेऊन जळगावात भाड्याच्या खोलीत. थोरली दहावीत होती. काम गेलं तर हिला दीपनगरला भावाकडे जावं लागणार, आणि भावजयीने आधीच सांगून ठेवलं होतं, ये, पण मोठीला कामाला लावावं लागेल, खायला इतकी तोंडं आम्हाला पुरवणार नाहीत. हे तिने मला सांगितलं नव्हतं. तिने कधीच कुणाला काही सांगितलं नाही. धाकटी एकदा डबा द्यायला आली तेव्हा मी तिला बोलतं केलं.

सुपरवायझर भाऊंना विचारलं असतं तर कमी करायच्या बायकांत पहिली हीच. तिचा माल सगळ्यांत कमी भरायचा. भाऊ वाईट माणूस नाहीत. त्यांना संध्याकाळी शेठला किती चटया झाल्या ते सांगावं लागतं.

दीपनगरवालीबद्दल सगळ्यांची कागाळी एकच होती. ती उसवत बसते. शिवते, मग पातं घेऊन टाके काढत बसते, मग पुन्हा शिवते. ताईंनी मला विचारलं, "यातून काय काढायचं, आक्का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही." आणि खरंच माहीत नव्हतं. पण ते डोक्यातून जाईना. इतकी वर्षं शिवणारी बाई उसवते कशाला? नवशिकी उसवते. हिचा हात तर मी पाहिला होता, सरळ रेघेसारखा जायचा.

मला एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. मी घड्या तपासायची जागा बदलली आणि तिच्या मशीनच्या मागे बसले. भाऊ म्हणाले, "आक्का, इथं उजेड कमी आहे." मी म्हटलं, "मला दोन्हीकडे सारखंच दिसतं."

पहिले काही दिवस तिने एकदाही उसवलं नाही. झरझर शिवत होती. मला वाटलं, मी मागे बसले म्हणून सावध झाली. मग तिच्या शेजारच्या मशीनवर दिवाळीच्या मालापुरती एक नवी मुलगी आली, एरंडोलकडची. लग्न होऊन नुकती जळगावात आलेली. तिने पहिली चटई घेतली आणि कोपऱ्यावर गोट ओढून ताणला. तिथे चुण्या पडल्या. नवीन बाई हमखास तिथे चुकते. दीपनगरवालीने मान वळवली नाही. पण तिची पुढची चटई आली तेव्हा तिनेही कोपऱ्यावर गोट ताणला. तश्शाच चुण्या. मग हातात धरून बघितलं, तोंडाने "च्च" केलं, पातं घेतलं आणि उसवू लागली. सावकाश. मग कोपऱ्यावर येताच मशीनचा पाय उचलला, गोट सैल सोडला, चटई फिरवली आणि शिवलं. नवी मुलगी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. तिने आपली चटई उसवली. तीही कोपऱ्यावर थांबली.

मी घडी हातात धरून तशीच बसले. भाऊ ओरडले तेव्हा भानावर आले.

दुसऱ्या दिवशी मुलीचं दुसरंच काहीतरी चुकलं, टाका लहान पडत होता. दीपनगरवालीचाही लहान पडला. उसवला.

मग मी खात्यात फिरले. ज्यांचा हात चांगला आहे अशा बायकांना एकेकीला विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं?" सगळ्यांचं उत्तर एकच, "कुणी नाही, माझं मी शिकले." मी विचारायची, "आली तेव्हा कुठल्या मशीनवर बसायची?" त्या आठवून सांगायच्या. त्या खिडकीपाशी. दीपनगरवालीच्या शेजारी.

दुपारी डबे धुताना नळावर मी तिला गाठलं. "खरं सांग. तू जाणीसन, मुद्दाम उसवस ना?"

"नाही ओ आक्का. चुकते मी."

"इतल्या वरीसनी शिकेल बाई चुकस का?"

ती डब्याला राख लावत राहिली. डबा विसळून म्हणाली, "कुणाले चूक दाखवली का तिले राग येते. आपली चुकवली का ती पाह्यते."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या भावजयीले भाकर थापता येत नव्हती," ती म्हणाली. "मायने सांगतलं, तं तिने परातच फेकली. मंग मी तिच्यासमोर रोज एक भाकर फाडायची." आणि जरा थांबून, "आता मस्त करते. म्हनते, तुह्याहून मले चांगली येते."

म्हणजे थोरलीला कामाला लावा म्हणणारी हीच ती भावजय.   जाताना एवढंच म्हणाली, "आक्का, कुणाले सांगू नको. माल कमी भरते तेच लय झालं. मुद्दाम करते म्हटल्यावर भाऊ आजच काढतीन."

मी त्याच संध्याकाळी ताईंना सांगितलं. कुणाला सांगू नको म्हटलेलं मी सहसा सांगत नाही, पण हे न सांगून तिचं काम वाचणार नव्हतं. ताई खुर्चीतून उठल्याच. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन माझ्याशेजारी बसल्या, घड्या घालायला लागल्या. वाकड्या घालत होत्या. त्यांनीही पाहिलं. म्हणाल्या, "आक्का, धुळ्याला लूम शिकवायला मला असंच माणूस हवं होतं."

"तिला लूम कुठे येतो?"

"शिकेल."

तिला महिनाभर लूमवर उभं केलं. तिथला मिस्त्री पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन आला. "मैडम, ये औरत कुछ पूछती नहीं. बस देखती रहती है. मेरा हाथ काँपता है." तरी ती शिकली. नळी तुटली की लूम कुठे थांबवायचा, नवी नळी कशी सरकवायची, घाईने चालू केला तर डिझाइन एका बाजूला कसं सरकतं, सगळं.

मग ताईंनी एक चूक केली. चांगल्या मनाने केली. दीपनगरवालीच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं, त्यावर ट्रेनर असं छापलं, आणि धुळ्याला जायला तयार झालेल्या बायकांना एका ओळीत उभं करून तिला त्यांच्यासमोर आणलं. "बोला," ताई म्हणाल्या, "लूम कसा चालवायचा ते सांगा यांना." शेठ आले होते बघायला. भाऊ होते. मिस्त्री होता.

ती उभी राहिली. पदर एका हाताने धरला. "हा लूम आहे," म्हणाली. मग काहीच नाही. लूम सगळ्यांना दिसतच होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हाले वाटलं म्हैस शे!" सगळ्या हसल्या. ती पण कसंनुसं हसली आणि तिने गळ्यातलं काढून मशीनवर ठेवलं.

शेठ जाताना ताईंना म्हणाले, "बेटा, दिवाळी जवळ आली. दलालाला फोन करू का?" भाऊंचं नुसतं तोंड बघूनच सगळं कळत होतं. दीपनगरवाली संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "आक्का, तुले सांगतलं होतं." बस. त्यात राग होता. असायलाच हवा होता.

मी परत केबिनमध्ये गेले. ताई डोकं धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "उभं कशाला केलं तिला? ती शेजारी बसणारी बाई आहे. तिला समोर काढलीत."

ताईंनी डोक्यावरचे हात काढले. मग म्हणाल्या, "दोन लूम शेजारी शेजारी. एकावर ती, एकावर नवीन बाई. आणि कुणालाही सांगायचं नाही की ती शिकवते."

"आणि ती माल बिघडवणार, त्याचं काय? ही काही गोट नाही, टाके काढले की झालं. डिझाइन सरकलं की चटई गेली."

"जाऊ दे. बाबांशी मी बोलते. तिच्या लूमचा माल मोजायचाच नाही."

शेठ चिडले. माल बिघडवायला पगार द्यायचा हे त्यांच्या चार पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. पण दिवाळीपर्यंतचा शब्द त्यांनीच दिला होता, आणि ते शब्दाचे पक्के आहेत. तेवढ्या दिवसांत धरणगाववालीपासून सुरुवात करून एकेक बाई तिच्या शेजारच्या लूमवर गेली. मी पाण्याचा माठ तिथे हलवला. मागे उजेडही बरा होता. कुणी नळी ओढून तोडायची, की हिचीही तुटायची. कुणी घाई करायची, की हिचंही डिझाइन तिरपं व्हायचं. हिच्या लूममधून कधी मोर निघायचा तर मान कापलेला, कधी कमळ अर्धंच. बायका जाता-येता बोलायच्या. "दीपनगरवाले, तुना मोर आजारी शे का?" ती म्हणायची, "काय करू, हात बसत नाही." आणि शेजारणीचा मोर दिवसेंदिवस सरळ होत जायचा.

दिवाळीआधी शेठ पुन्हा आले. सगळ्या लूमवरून फिरले. बायका चालवत होत्या, पुरुष बाजूला उभे होते. शेवटी ते तिच्या लूमपाशी आले, तिरपा मोर बघितला आणि तसेच पुढे गेले. दलालाला फोन गेला नाही. एवढंच माझ्यासमोर झालं. आतलं बोलणं मला माहीत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

धुळ्याचा कारखाना सुरू झाला तेव्हा ती मुलींना घेऊन तिकडे गेली. खोली कारखान्याजवळच, दहावी झाल्यावर थोरलीला तिथल्याच कॉलेजात घातलं. मेहरूणवाली मशीनं बसवायला गेली होती, ती येऊन सांगायची, "आपनी दीपनगरवाली वहाँ भी बिगाड़ रही है." तिला अजून कळलेलं नव्हतं. आम्ही सांगितलंही नव्हतं.

गेल्या थंडीत मी पिंपळनेरला भाच्याच्या घरी चालले होते. वाटेत धुळ्याला उतरले आणि थेट कारखान्यात गेले. रखवालदार सोडेना. "काय काम आहे, आजी?" मी म्हटलं, "बघायचंय." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "ते बघितल्यावर कळेल." ताईंना फोन लावला तेव्हा सोडलं.

आत लूमचा आवाज जळगावसारखाच. ती कोपऱ्यात होती, अंगाने जरा भरलेली. मला बघून नुसती मान हलवली. शेजारच्या लूमवर साक्रीकडची एक तरुण बाई, पाठीला झोळीत लेकरू बांधलेलं नव्हतं, पण बांधल्यासारखी वाकून उभी राहायची सवय होती. तिचा हात छान चालत होता. मी तिच्याजवळ गेले आणि तिच्या बोलीत विचारलं, "तुले कोन्ही शिकाडं वं?"

"कोन्हीज नही, आजी," ती म्हणाली. "मनं मीच शिकनू."

मग तिने लूमच्या आवाजावरून जरा माझ्याकडे वाकून, दीपनगरवालीकडे डोळ्यांनी दाखवत सांगितलं, "मी नवी, पन ती बाई तं मनाथीन बी जास्ती चुकस. तिले कामवर कसं ठेवेल शे, माले समजत नही."

दीपनगरवालीने ऐकलं. तिने लूम थांबवला, धडधाकट दिसणारी एक नळी बाहेर ओढली आणि "च्च" केलं.